दामाजीपंतांची तूट

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्याने कीर्तनात ऐकली नाही असा मनुष्य महाराष्ट्रात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत विरळाच सापडला असता. बेदरच्या पातशहाचा हा अंमलदार. सरकारी धान्याची कोठारे त्याच्या ताब्यात. आणि अवर्षणाने गांजलेली, अन्नान्न करीत हिंडणारी रयत त्याच्या दाराशी आलेली. वरिष्ठांच्या मंजुरीची वाट न पाहता पंतांनी कोठारे उघडली, धान्य लुटविले, आणि ही वार्ता बेदरास पोहोचताच त्यांना पकडून हजर करण्याचा हुकूम सुटला. पुढचे सर्वश्रुत आहे. पंत वाटेत असतानाच पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेतले, दरबारात जाऊन जोहार घातला, धान्याची किंमत पैन्‌पै चुकती केली, आणि रकमेची रीतसर पावती घेऊनच तो माघारी फिरला. महिपतींनी १७६२ साली पुरा केलेल्या ‘भक्तिविजया’त ही कथा येते, आणि भक्ताचे संकट देव कसे निवारतो याचा दाखला म्हणून कीर्तनकार ती आजही रंगवून सांगतात.

तिच्यातील भक्तिरसाला बाध न आणता तिच्या जमाखर्चाकडे पाहिले, तर मात्र काही वेगळ्याच गोष्टी नजरेस येतात. कोठारातले धान्य पातशहाचे म्हणून मोजले गेले. परंतु ते पिकविले होते रयतेने, आणि साऱ्याच्या रूपाने वसूल झाले होते तेही रयतेकडूनच. ते रयतेच्या मुखी गेले तेव्हा दफ्तरात तूट पडली, आणि ती तूट राज्याने सोसली नाही. भरणा झाला. देवाने केला, हे खरे. पण देवाला त्या कामी जे रूप घ्यावे लागले ते सावकाराचे नव्हते, सरदाराचे नव्हते, शास्त्री-पंडितांचेही नव्हते. ते गावकुसाबाहेरच्या माणसाचे होते. कथा रचणाऱ्यांच्या मनात समाजशास्त्र असेल असे मी म्हणत नाही. तरीही राज्याच्या हिशेबात पडलेली तूट अखेरीस कोणाच्या खांद्यावरून तिजोरीपर्यंत पोहोचते, याची जाण त्या लोककल्पनेला असावी असे मला वाटत आले आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की ज्यांना आपण सेवाभावी संस्था म्हणतो, आणि ज्या संस्था शाळा, वसतिगृहे, बालगृहे, रुग्णालये, कुष्ठधामे अशा रूपाने वस्तुतः शासनाचेच काम शासनाच्या पैशाने करीत असतात, त्यांच्यापुढे शासनाने हात आखडता घेतला की जो प्रश्न उभा राहतो, तो निधी कोठून आणावा एवढाच आहे असे सामान्यतः समजले जाते. विश्वस्त मंडळाची बैठक भरते, चिटणीस आकडे वाचून दाखवितात, आणि चर्चा देणगीदारांच्या यादीपाशी येऊन थांबते. माझ्या मते हा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचा नसून धर्मशास्त्राचा आहे. धर्म हा शब्द कर्तव्यमीमांसा या त्याच्या जुन्या, व्यापक अर्थाने घेतला तर. तूट कोणी सोसावयाची, कोणाच्या संमतीने सोसावयाची, आणि ती सोसली जात असताना जगाला ते सांगावयाचे की नाही, हे त्यातले खरे प्रश्न होत.

शासनाने पैसा द्यावा आणि काम खाजगी संस्थेने करावे ही आपल्याकडची वहिवाट १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून रीतसर सुरू झाली. शिक्षणाचा सगळा भार सरकारने उचलणे शक्य नाही, सबब जे लोक आपणहून शाळा काढतील त्यांना नियमांच्या आधीन राहून मदत द्यावी, असे तिचे मूळ स्वरूप होते. या वहिवाटीने महाराष्ट्राचे अपार कल्याण केले यात वाद नाही. परंतु तिच्या पोटातच एक संदिग्धता राहून गेली. संस्था सरकारची मदतनीस आहे की सरकार संस्थेचे मदतनीस आहे, आणि मूळ कर्तव्य या दोहोंपैकी कोणाचे, याचा निर्वाळा कोणी कधी दिला नाही. तिजोरी भरलेली असते तोवर या निर्वाळ्यावाचून कोणाचे अडत नाही. ती रिती होऊ लागली, किंवा राज्यकर्त्यांना ती इतरत्र रिती करावीशी वाटू लागली, की मदत ही कृपा होती असे एका पक्षाला आठवते आणि तो हक्क होता असे दुसऱ्याला.

कपात उघडपणे क्वचितच होते. अमुक संस्थेचे अनुदान आजपासून बंद, असा हुकूम काढणे हे धैर्याचे काम आहे, आणि ते धैर्य राज्यकर्त्यांत सहसा नसते. अधिक प्रचलित मार्ग म्हणजे रक्कम तीच ठेवावयाची आणि काळाला आपले काम करू द्यावयाचे. जुन्या देवस्थानांना सनदेने मिळालेली रोख वर्षासने अशीच क्षीण होत गेली. ज्या रकमेत एके काळी वर्षाचा नंदादीप आणि नैवेद्य भागत असे, तीत पुढे महिन्याचे तेलही येईना, पण कागदोपत्री कोणी काही कमी केले नव्हते. आपल्या खाजगी शाळांच्या वेतनेतर अनुदानाचे, म्हणजे खडू, वीज, भाडे, प्रयोगशाळा यांसाठी मिळणाऱ्या पैशाचे, असेच झाले. ते २००४ पासून थांबले, आणि २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याचा हिशेब जुन्या वेतनमानावर बेतलेला होता. दुसरा मार्ग विलंबाचा. तरतूद असते, मंजुरीही असते, फक्त पैसा येत नाही. तो कोषागारात असतो, किंवा प्रस्तावात त्रुटी निघालेली असते, किंवा मार्चअखेरची गर्दी असते. तिसरा मार्ग टप्प्याटप्प्याने देण्याचा, ज्यात वीस टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांवर जाण्यासाठी शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसावे लागते.

असे झाले की संस्था काय करतात? अमेरिकेत १९८१ नंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सामाजिक सेवांवरील खर्चाला कात्री लावली तेव्हा त्यांची भूमिका अशी होती, की सरकार मागे हटले म्हणजे लोकांचे औदार्य पुढे येईल आणि रिकामी जागा भरून काढील. लेस्टर सॅलमन या अभ्यासकाने त्या काळात हजारो संस्थांची पाहणी केली. तीतून पहिली गोष्ट ही निघाली, की या तथाकथित खाजगी धर्मादाय संस्थांना खाजगी देणग्यांहून सरकारी पैसाच अधिक मिळत होता. आणि दुसरी ही, की तो कमी झाल्यावर जी भर पडली ती मुख्यत्वे देणग्यांतून नव्हे, तर सेवेसाठी आकारलेल्या शुल्कातून. ज्याची सेवा करावयाची त्याच्याकडूनच किंमत घेऊ लागल्यामुळे संस्था तगल्या. त्या तगल्या हे चांगलेच झाले. पण शुल्क देण्याची ज्याची ऐपत नव्हती तो दारातून आत आलाच नाही, आणि जो आत येत नाही त्याची नोंद कोणत्याच अहवालात होत नाही.

आपल्याकडे शुल्काचा मार्ग आहेच. तथापि त्याहून रुळलेला, आणि वरकरणी त्याहून पुष्कळच उदात्त दिसणारा असा एक मार्ग आपल्या संस्कृतीने आपल्याला दिला आहे. तो म्हणजे त्यागाचा. अनुदान नाही, हरकत नाही. आम्ही व्रत म्हणून काम करू. या वाक्याने सभागृहात टाळ्या पडतात, आणि पडाव्यात, असे या भूमीचे संस्कार आहेत. म्हणूनच त्याची परीक्षा कठोरपणे केली पाहिजे.

न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे फर्ग्युसन कॉलेज ज्यांनी उभे केले ते आजीव सभासद अल्प वेतनावर राबले. गोपाळराव गोखल्यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली आणि ती पाळली. टिळकांनी १८९० साली या दोन्ही चालविणाऱ्या सोसायटीचा राजीनामा दिला त्यामागच्या वादातला एक मोठा भाग हाच होता, की आजीव सभासदाने बाहेर काही मिळवावे की सर्व सामर्थ्य संस्थेलाच वाहावे. या माणसांचे आपसांत कितीही बिनसले असो, एक गोष्ट त्या सर्वांत समान होती: ज्या दारिद्र्याविषयी ते बोलत होते ते त्यांचे स्वतःचे होते. त्यांना दुसरे मार्ग खुले होते, ते त्यांना दिसत होते, आणि दिसत असताना त्यांनी ते नाकारले.

आता याच्या शेजारी आपल्या काळातले एक चित्र ठेवू. २००१ पासून राज्याने शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर मान्यता देण्यास आरंभ केला, आणि २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द काढून टाकला. शब्द गेला तरी पैसा लगेच आला नाही. या मधल्या आणि नंतरच्या वर्षांत खेड्यापाड्यांतील शेकडो शाळांतून शिक्षकांनी बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर काम केले; कोणी सुट्टीत मोलमजुरी केली, कोणी पत्नीच्या शिवणकामावर संसार रेटला, आणि आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर तारुण्य संपविले. अशा शाळेच्या वार्षिक समारंभात अध्यक्षांनी शिक्षकांच्या निरपेक्ष सेवेचा गौरव करावा, आणि समोर बसलेल्या शिक्षकांनी तो खाली मान घालून ऐकावा, असे प्रसंग आपण सर्वांनीच पाहिले आहेत. गौरव खरा असतो. पण त्या सेवेला निष्काम म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे, कारण निष्काम कर्मात फळाचा त्याग कर्त्याने करावयाचा असतो. कर्त्याच्या वतीने विश्वस्तांनी तो करावयाचा नसतो, आणि शिक्षण खात्याने तर नाहीच नाही. आपली भाकरी मनुष्य सोडू शकतो. दुसऱ्याची सोडणे याला आपल्या भाषेत निराळे शब्द आहेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांचे स्मरण या ठिकाणी करणे अस्थानी होणार नाही. जे कर्म आपल्या वाट्याला नियत म्हणून आले आहे ते मोहाने सोडून देणे हा तामस त्याग; ते कष्टाचे आहे, त्याने शरीराला क्लेश होतील, या भयाने सोडणे हा राजस त्याग; आणि ते कर्म करीत राहून त्यावरील आसक्ती व फळाची इच्छा तेवढी सोडणे हा सात्त्विक त्याग. आता राज्याच्या काटकसरीला ही कसोटी लावून पाहावी. अनाथ बालकाचे पोषण, रोग्याची शुश्रूषा, गरिबाच्या मुलाचे शिक्षण ही राज्याची नियत कर्मे आहेत असे एकदा घटनेने आणि कायद्याने स्वीकारल्यावर ती खर्चिक आहेत म्हणून सोडणे हे कोणत्या वर्गात मोडते ते सांगण्यास टीकाकाराची गरज नाही. संस्थेलाही तोच न्याय लागू होतो. अनुदान आले नाही म्हणून वसतिगृहाला कुलूप घालून मुलांना घरी धाडणारी संस्था त्यागी ठरत नाही. तिने फक्त आपला क्लेश चुकविलेला असतो.

येथवर विवेचन एका अडचणीपाशी येते, आणि ती टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. संस्थेने काम थांबविले तर आज संध्याकाळी मूल उपाशी राहते. काम थांबविले नाही आणि तूट मुकाट्याने भरून काढली, तर पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात तीच तूट कायम होते. कारण पैसा न देताही काम चालते असा पुरावा खुद्द संस्थेनेच दिलेला असतो. दरसाल विठू महार येतोच आहे असे एकदा दिसले, की पातशहाला कोठारे भरण्याची निकड उरत नाही. दया आणि न्याय यांच्यातले हे द्वंद्व खरे आहे, आणि एकाला सोडून दुसऱ्याला धरल्याने ते सुटत नाही.

निधीच्या बंधनातून मुक्त होणे हाच यावर उतारा, असे मानणारी एक थोर परंपरा आपल्याकडे आहे. गांधीजींनी ‘आत्मकथे’त, नाताळमधील सार्वजनिक कामाचा अनुभव सांगताना, सार्वजनिक संस्थेने कायमच्या निधीवर जगू नये, लोकांच्या चालू आधारावर जगावे, असे मत नोंदले आहे; व्याजावर जगणारी संस्था लोकमताची पर्वा करीनाशी होते, हा त्यांचा अनुभव होता. विनोबा आणखी एक पाऊल पुढे गेले. १९५६ च्या अखेरीस तामिळनाडूतील पळणी येथे सर्व सेवा संघाने भूदानकार्यासाठी गांधी स्मारक निधीकडून मिळणारे साहाय्य सोडण्याचा आणि जागोजागच्या भूदान समित्या विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती या नावाने तो ओळखला जातो. सरकारने कपात करण्याची वाटही न पाहता आपणच आपली कपात करून घेण्याचे असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. त्या निर्णयातील तेज वादातीत आहे. परिणाम संमिश्र झाला: काही ठिकाणी काम लोकांनी उचलले, पण पुष्कळ ठिकाणी कार्यकर्ता गेला आणि त्याच्यामागे कामही ओसरले. विनोबांना ही किंमत देता आली, कारण ते विचार पेरीत होते, आणि विचार एखादा हंगाम वाट पाहू शकतो. ज्या संस्थेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचे पीठ मळावयाचे आहे तिला ही मोकळीक नाही.

शिवाय लोकाश्रय म्हणजे आज काय, हेही पाहावे लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, तेव्हा सरकारी अनुदानाला पर्याय सापडला असे पुष्कळांना वाटले. त्याच कायद्यात कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही सुचविले आहे. त्यामुळे जेथे कारखाने आहेत तेथे पैसा जातो, आणि जेथे कारखाने नसल्यामुळेच दारिद्र्य आहे तेथे तो बेताचाच पोहोचतो. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर पाटी लावता येते. पहारेकऱ्याच्या पगाराला मिळत नाही.

द्वंद्व सुटत नाही असे मी म्हटले. पण ते वागवावे कसे, याचा एक धडा आपल्याच इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. तेथील वसतिगृहात अठरापगड जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली, आणि पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले सौभाग्यलेणे मोडून त्या पंक्तीची सोय केली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि लक्ष्मीबाईंनी ते आपखुशीने केले याविषयी शंका नाही. तरीही तुटीचा पहिला हप्ता भरण्याची पाळी घरातल्या स्त्रीवर आली, इकडे आपले लक्ष जात नाही. आपल्या संस्थांच्या इतिहासात अशा किती लक्ष्मीबाई अनामिक राहिल्या असतील, कोण जाणे. भाऊरावांनी पुढे मुष्टिफंड काढला, घराघरांतून मूठमूठ धान्य जमविले, मुलांना कमवा आणि शिका ही शिस्त लावली, आणि स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद केले. सरकारी मदतीवाचून जगण्याची कला त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला अवगत होती.

अशा या संस्थेचे अनुदान १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने बंद केले. भाऊरावांची परखड टीका सत्ताधाऱ्यांना रुचली नव्हती. सरकार परकीयांचे नव्हते. त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर हे स्वतः गांधीमार्गी, सात्त्विक वृत्तीचे गृहस्थ होते. आणि भाऊराव तर गांधीजींच्या स्मरणार्थ शाळा काढण्याचा संकल्प सोडून बसले होते. सज्जनांच्या राज्यातही अनुदान हे अंकुश म्हणून वापरले जाऊ शकते, हे यावरून ध्यानात यावे. स्वावलंबनाचे ब्रीद मिरविणाऱ्या संस्थेने या वेळी काय केले? तिने शाळा बंद केल्या नाहीत. भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव फिरले. पण अनुदानावाचूनही आमचे भागते असेही त्यांनी म्हटले नाही. ते पुन्हा मिळाले पाहिजे हा आग्रह त्यांनी सोडला नाही. आणि त्यांच्या वतीने खेरांकडे रदबदली करावयास गेले ते गाडगेबाबा. अंगावर चिंध्या, हाती काठी आणि गाडगे, अक्षरओळख नाही, असा हा संत सरकारच्या दारी गेला आणि रयतेच्या पोरांचे पैसे द्या असे सांगून आला. अनुदान पूर्ववत झाले.

बाबांचा शब्द का चालला, याचा विचार करावासा वाटतो. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी लक्षावधी रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांत आपल्या कुटुंबाला ओसरीही दिली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ज्याने स्वतःपुरते सर्व सोडले आहे त्याला दुसऱ्यासाठी मागताना संकोच वाटत नाही, आणि ज्याच्याकडे तो मागतो त्याला नाही म्हणताना वाटतो. त्यागाचा खरा उपयोग येथे दिसतो. संस्थाचालकाने काटकसर अवश्य करावी, पण ती आपल्या मोटारीपासून, आपल्या दालनापासून, आपल्या नातलगांच्या नेमणुकांपासून सुरू करावी. आणि तेवढे केल्यावर मिळालेला नैतिक अधिकार सरकारच्या दारात जाऊन खर्च करावा. आमच्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. काटकसर शिपायापासून आणि मुलांच्या दुधापासून सुरू होते, आणि मंत्रिमहोदयांच्या सत्काराला कात्री लागत नाही.

बाबा जे मागावयास गेले ती भिक्षा नव्हती, हा मुद्दा जोतीराव फुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी मांडून ठेवला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला स्पष्ट विचारले, की महसुलाचा मोठा भाग ज्या शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर त्यातला किती अंश खर्च होतो, आणि वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होणारा खर्च कोणाच्या घामाचा आहे. या दृष्टीने पाहिले म्हणजे दामाजीपंतांनी दानधर्म केला असे म्हणण्याला फारसा आधार राहत नाही. त्यांनी ज्याचे त्याला परत केले. अनुदानित संस्थाही तेच करीत असते. ती दाता नाही, आणि सरकारही दाता नाही. दोघेही रयतेच्या ठेवीचे वाहक आहेत. ठेव वाटेत कमी झाली तर वाहकाने ठेवीच्या धन्याला ते सांगावयास नको काय?

सांगितले जात नाही, हेच माझे मुख्य गाऱ्हाणे आहे. प्रसिद्धिपराङ्मुखता हा आपल्या जुन्या सेवकवर्गाचा मोठा गुण. केलेले काम बोलून दाखवू नये, सोसलेले तर मुळीच नाही, या शिकवणुकीत त्यांची आयुष्ये गेली. या गुणाविषयी मला नितांत आदर आहे. पण आपले पुण्य झाकणे वेगळे आणि दुसऱ्याचे देणे झाकणे वेगळे. पहिल्यात विनय आहे. दुसऱ्यात, हेतू कितीही निर्मळ असला तरी, खोटी साक्ष आहे. कारण त्यामुळे सरकारने आपले कर्तव्य केले असे जगाला दिसते, आणि ज्या शिक्षकाने, ज्या परिचारिकेने, ज्या मुलाने ती तूट पोटाला चिमटा घेऊन भरली त्याचे नाव हिशेबात कोठेच येत नाही. पांडुरंगाने बेदरहून पावती घेतली होती. आमच्या बिनपगारी शिक्षकाला कोणी पावती दिलेली नाही.

कोणी म्हणेल, असे उघड बोलल्यास उरलेसुरले अनुदानही जाईल. भय खोटे नाही. रयत शिक्षण संस्थेचा अनुभव सांगितलाच आहे. म्हणूनच हे एकट्यादुकट्या संस्थेचे काम नव्हे. जिल्ह्यातील शाळा, बालगृहे आणि रुग्णालये चालविणाऱ्या विश्वस्त मंडळांनी मिळून ते केले पाहिजे, आणि आमदारांना ते विधिमंडळात मांडावयास लावले पाहिजे. मागणे मोठे नाही. आपल्या वार्षिक अहवालात देणगीदारांच्या नावांच्या आधी एक पान असे असावे, की ज्यावर मंजूर रक्कम किती होती, हाती किती आली, किती महिने उशिरा आली, मधली तूट कोणत्या खर्चातून भागविली, आणि त्यापायी कोणाचे वेतन थकले व मुलांच्या ताटातून काय कमी झाले, हे सरळ आकड्यांत लिहिलेले असेल; आणि त्या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली असेल. येत्या मार्चअखेरीस हिशेबाची वही बंद करण्यापूर्वी राज्यातील विश्वस्त मंडळांनी एवढे करावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.